लोकायुक्तांना स्वतःचे तपास पथक द्या, आणि ते कायद्यातच लिहा

महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेच्या सर्व सन्माननीय सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

लोकायुक्त म्हणजे मंत्री-अधिकाऱ्यांविरुद्धच्या गैरकारभाराच्या तक्रारींची चौकशी करणारे राज्याचे पद. त्यांच्या कायद्याचा विषय निघाला की वाद एकाच प्रश्नाभोवती फिरतो: त्यांच्या कक्षेत कोण येणार? मुख्यमंत्री असावेत का, असले तर विधानसभेच्या किती सदस्यांची संमती लागावी, सनदी अधिकाऱ्यांचे काय? विधानसभेने 28 डिसेंबर 2022 रोजी नवे विधेयक मंजूर केले, विधान परिषदेने डिसेंबर 2023 मध्ये केले, पुढे दुरुस्त्यांची चर्चा झाली, आणि या सगळ्या काळात वर्तमानपत्रांचे मथळे मुख्यमंत्र्यांभोवतीच राहिले. तो प्रश्न मोठा आहेच. पण या राज्यातल्या बहुतेक माणसांची सरकारशी गाठ पडते ती ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात. तिथे पैसा खाल्ला गेला आणि लोकायुक्तांकडे तक्रार गेली, तर लोकायुक्तांचा माणूस तिथे जाऊन नेमके काय करू शकतो? कपाट सील करू शकतो का? संगणक ताब्यात घेऊ शकतो का? पुरावा जाळणाऱ्याला जागेवर धरू शकतो का?

माझी मागणी थोडक्यात अशी. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आणि ग्रामपंचायती यांच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या लोकायुक्तांच्या तपास अधिकाऱ्यांना झडती, जप्ती आणि अटकेचे पोलिसी अधिकार द्या. ते अधिकारी पूर्णपणे लोकायुक्तांच्या हुकमतीत ठेवा. आणि हे सगळे शासनाच्या अधिसूचनेवर न सोडता कायद्याच्या मजकुरात लिहा. यातली तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिचे कारण कर्नाटकात आहे, त्याकडे मी येतोच.

मी नोकरीची सारी वर्षे स्थानिक संस्थांचे हिशेब तपासण्यात घालवली. स्थानिक निधी लेखापरीक्षेचा मूळ कायदा 1930 चा. म्हणजे हे काम स्वातंत्र्याच्या आधीपासून चालू आहे, आणि ते करणारी बरीच माणसे जीव ओतून करतात. पण आमच्या अहवालांत एक वाक्य पुन्हा पुन्हा येते: "सदर अभिलेखे तपासणीसाठी उपलब्ध करून देण्यात आले नाहीत." त्या वाक्यामागे काय घडते ते सांगतो. लेखापरीक्षणाचा कार्यक्रम आधी कळवलेला असतो. पथक पोहोचते तेव्हा रोकडवही टेबलावर असते, प्रमाणके असतात, चहा असतो. पण ज्या कामाबद्दल गावभर कुजबुज आहे, नेमकी त्याच कामाची मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापे जिच्यात लिहितात ती वही, शाखा अभियंत्याकडे राहिलेली असते. शाखा अभियंता बदलून गेलेला असतो. चार्ज देताना त्याने ती दिली की नाही, याची नोंद सापडत नाही. आक्षेप लिहून पथक निघते. उत्तर येते, "अनुपालन सादर करण्यात येईल." काही वर्षांनी ती पुस्तिका अवतरते, पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिल्यासारखी.

लेखापरीक्षकाला कागद मागता येतो, उचलून नेता येत नाही. जे कागद मिळतात त्यांतही तो एका मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही. तीन ठेकेदारांनी निविदा भरल्या, सर्वांत कमी दराची मंजूर झाली, कागद चोख आहेत. तिघांनी निविदेसोबत भरलेली बयाणा रक्कम एकाच खात्यातून निघाली होती का? तिन्ही ई-निविदा एकाच संगणकावरून चढवल्या होत्या का? बिल निघाले त्या आठवड्यात ठेकेदाराच्या खात्यातून मोठी रोकड कुणी काढली आणि ती कुणाच्या घरी गेली? ठेकेदाराची खाती, फोनच्या नोंदी, घरातली डायरी, यांतले काहीही आमच्या हद्दीत येत नाही. आम्ही जास्तीत जास्त भार-अधिभाराची, म्हणजे नुकसान जबाबदार माणसाच्या माथी टाकण्याची, शिफारस करतो, रक्कम वसुलीपात्र ठरवतो, फौजदारी कारवाई करावी असे सुचवतो. जिथे गुन्ह्याची चाहूल लागते तिथेच आमचे काम संपते. मग पत्रव्यवहार सुरू होतो, आणि त्या पत्रव्यवहाराच्या काळात पुरावा शाबूत राहील याची हमी कुणीच देत नाही.

लोकायुक्तांची स्थिती यापेक्षा फार वेगळी नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. प्रशासकीय सुधारणा आयोगाने 1966 मध्ये केंद्रात लोकपाल आणि राज्यांत लोकायुक्त नेमण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने 1971 मध्ये कायदा केला आणि ऑक्टोबर 1972 मध्ये ही संस्था प्रत्यक्ष सुरू केली, देशात सर्वांत आधी. त्या कायद्याने लोकायुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार दिले: समन्स काढणे, शपथेवर साक्ष घेणे, कागदपत्रे मागवणे. चौकशी संपली की अहवाल आणि शिफारस. सक्षम प्राधिकाऱ्याने समाधानकारक कारवाई केली नाही तर राज्यपालांना विशेष अहवाल, आणि तो तुमच्या सभागृहापुढे. सरकारी तपास यंत्रणा वापरायची तर सरकारची सहमती हवी. म्हणजे ज्या शासनाच्या कारभाराची चौकशी, त्याच शासनाकडून माणसे उसनी मागायची. 1971 साली हे धाडसाचे पाऊल होते. आज फायली क्लाउडवर असतात, पैसा काही सेकंदांत चार खात्यांतून फिरतो, आणि समन्स मात्र टपालाने जाते.

नुसत्या शिफारशीचे काय होते ते शेजारच्या गोव्याने दाखवून दिले. तिथले लोकायुक्त न्यायमूर्ती प्रफुल्लकुमार मिश्रा सप्टेंबर 2020 मध्ये निवृत्त झाले. त्यांनी सरकारला 21 अहवाल दिले होते. एकाचीही अंमलबजावणी झाली नाही. निवृत्त होताना त्यांनी जाहीरपणे सांगितले की अशी दात नसलेली संस्था ठेवण्यापेक्षा ती बंद केलेली बरी. जन्मभर न्यायदान केलेल्या माणसाला आपल्याच पदाबद्दल असे म्हणावे लागते, हे वाचून मला फार वाईट वाटले होते. त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी 2021 मध्ये, गोव्याच्या विधानसभेने कायदा दुरुस्त केला, पण लोकायुक्तांचे हात बळकट करण्यासाठी नव्हे.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर जळगावच्या घरकुलांचे घेतो, कारण ते अगदी स्थानिक संस्थेचे आहे आणि न्यायालयात निकालापर्यंत पोहोचले आहे. झोपडपट्टीतल्या गरिबांसाठी जळगाव नगरपालिकेने अकरा हजारांहून अधिक घरे बांधायची योजना नव्वदच्या दशकात आखली. कर्जे काढली, ठेकेदाराला बिनव्याजी आगाऊ रक्कम दिली, आणि बहुतेक घरे उभीच राहिली नाहीत. पुढे महापालिका झाली आणि आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फेब्रुवारी 2006 मध्ये पोलिसांत फिर्याद दिली. एका आयुक्ताने स्वतः फिर्यादी होणे ही आपल्या राज्यात दुर्मीळ गोष्ट. पण मुख्य आरोपी असलेल्या माजी मंत्र्यांना अटक व्हायला मार्च 2012 उजाडावे लागले. धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 48 जणांना दोषी ठरवले ते 31 ऑगस्ट 2019 रोजी. फिर्यादीपासून निकालापर्यंत तेरा वर्षे, योजनेपासून मोजली तर दोन दशकांहून अधिक. पुढची अपिले वेगळीच. ज्यांना घर मिळायचे होते त्यांची मुले तोवर भाड्याच्या खोलीत संसाराला लागली असतील.

फिर्याद झाल्यावर सहा वर्षे काय झाले, याचा विचार तुम्ही करावा अशी माझी विनंती आहे. तपास स्थानिक पोलिसांकडे होता. स्थानिक पोलिसांच्या बदल्या, बंदोबस्त, रोजचे गुन्हे, आणि ज्यांच्याविरुद्ध तपास त्यांचे वजन, हे सगळे त्याच जिल्ह्यातले. या काळात अधिकारी बदलत गेले. पुढे ज्यांनी तपास धसाला लावला ते अधिकारी होते म्हणून खटला उभा राहिला. योग्य अधिकारी योग्य वेळी मिळाला तर न्याय, नाही तर नाही, असे स्थानिक कारभाराच्या बाबतीत चालणार असेल तर कायद्याचा भरवसा कुणाला वाटेल?

मुंबईचे प्रकरण अलीकडचे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी 28 नोव्हेंबर 2019 ते 31 ऑक्टोबर 2022 या काळातल्या बृहन्मुंबई महापालिकेच्या सुमारे 12 हजार कोटी रुपयांच्या कामांची तपासणी केली आणि अहवाल मार्च 2023 मध्ये तुमच्यापुढे आला. सुमारे 214 कोटींची 20 कामे निविदा न मागवता दिलेली. 4,755 कोटींच्या 64 कामांत ठेकेदाराशी करारच केलेला नाही. आणि कोविडच्या काळातल्या साडेतीन हजार कोटींच्या खर्चाची कागदपत्रे महापालिकेने साथरोग कायद्याचा आधार घेत तपासायला दिलीच नाहीत. देशाच्या महालेखापरीक्षकांनाही नाही म्हणता येते, तिथे तालुक्याच्या गावी आलेल्या लेखापरीक्षकाची काय कथा! पुढे जून 2023 मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले गेले. ते नेमायचे की नाही, कधी नेमायचे, हा निर्णय सरकारचा होता. सरकार दुसऱ्या पक्षाचे असते तर कदाचित पथक नेमलेच गेले नसते, आणि तुमच्यापैकी दोन्ही बाजूंच्या सदस्यांनी हे मनातल्या मनात तरी मान्य करावे. नागरिकांच्या पैशाचा तपास सत्ताबदलावर अवलंबून असता कामा नये.

"आपल्याकडे लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे की," असे कुणी म्हणेल. आहे, आणि 1064 वर फोन करून सापळा लावता येतो म्हणून कित्येक सामान्य माणसांची कामे झाली आहेत. पण सापळ्यात सापडतो तो नोटा हातात घेणारा: तलाठी, ग्रामसेवक, कनिष्ठ अभियंता, एखादा नगरसेवक. टेंडरच्या टक्केवारीत कुणी कुणाला भर ऑफिसात पाकीट देत नाही. तिथे लागते उघड चौकशी, बँकेची कागदपत्रे, महिनोन् महिने चिकाटी. आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 साली आलेल्या कलम 17अ नुसार, अधिकाऱ्याने पदाच्या कामात घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायची तर आधी सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी हवी. खटला भरायचा तर कलम 19 खाली पुन्हा मंजुरी. हा विभाग गृहखात्याखाली, त्याची माणसे पोलीस दलातून प्रतिनियुक्तीवर, पुन्हा त्याच दलात जाणारी. त्यांच्या प्रामाणिकपणावर मला शंका नाही. त्यांची रचनाच अशी आहे की मोठ्या माणसापर्यंत पोहोचताना परवानगीचे दार पुन्हा पुन्हा वाजवावे लागते.

आता कर्नाटक. तिथला लोकायुक्त कायदा 1984 चा. लोकायुक्तांच्या हाताखाली पोलीस शाखा होती, तिच्या कार्यालयांना पोलीस ठाण्याचा दर्जा होता, गुन्हा नोंदवणे, छापा, अटक, आरोपपत्र हे सगळे त्याच छपराखाली. न्यायमूर्ती संतोष हेगडे लोकायुक्त असताना बेळ्ळारीच्या लोहखनिजाचा तपास झाला. 2010 मध्ये कारवारजवळच्या बेलेकेरी बंदरावर जप्त केलेले लाखो टन खनिज बंदरावरूनच गायब झाले. जप्तीत आपला वाटा उचलणाऱ्या वन अधिकाऱ्यालाच निलंबित करायची हालचाल झाली तेव्हा हेगडे यांनी जून 2010 मध्ये राजीनामा दिला होता, तो पुढे मागे घेतला. वनसेवेतल्या यू. व्ही. सिंह यांनी परवाने, रेल्वेच्या आणि बंदराच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या. जुलै 2011 मध्ये अहवाल आला, 16 हजार कोटींहून अधिक नुकसानीचा हिशेब मांडला गेला, आणि त्या महिन्याच्या अखेरीस मुख्यमंत्री येडियुरप्पा पायउतार झाले. खनिजाची चोरी एखाद्या तालुक्याच्या पाणीयोजनेपेक्षा शेकडो पटींनी मोठी, पण कामाची रीत तीच: निरनिराळ्या ठिकाणची कागदपत्रे एकाच वेळी, इशारा न देता हातात येणे.

पुढे जे झाले ते तुम्ही लक्षपूर्वक वाचावे. 2015 मध्ये त्याच लोकायुक्त कार्यालयातून अधिकाऱ्यांना धमकावून खंडणी उकळली जात असल्याचे उघड झाले. तेव्हाच्या लोकायुक्तांच्या मुलाला त्यात अटक झाली आणि डिसेंबरात लोकायुक्तांनी राजीनामा दिला. हा घाव खरा होता, त्यावर इलाज हवाच होता. पण सरकारने मार्च 2016 मध्ये काय केले? स्वतःच्या अखत्यारीत नवे लाचलुचपत प्रतिबंधक दल उभे केले आणि लोकायुक्तांच्या कार्यालयांचा पोलीस ठाण्याचा दर्जा काढून घेतला. तो काढता आला, कारण तो दिलाच होता अधिसूचनेने. एका अधिसूचनेने आलेला अधिकार दुसरीने गेला. तो परत यायला सहा वर्षे लागली. 11 ऑगस्ट 2022 रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने ते दल बरखास्त केले आणि तपास पुन्हा लोकायुक्त पोलिसांकडे सोपवला. त्यानंतर वर्षही उलटले नव्हते तोच, मार्च 2023 मध्ये, लोकायुक्त पोलिसांनी सत्ताधारी पक्षाच्या आमदाराच्या अधिकारी मुलाला 40 लाखांची लाच घेताना पकडले आणि घरातून कोट्यवधींची रोकड जप्त केली. विधानसभेची निवडणूक तेव्हा तोंडावर होती. गृहमंत्र्यांच्या हाताखालच्या दलाने हे त्या मुहूर्तावर केले असते असे मला वाटत नाही.

मध्य प्रदेशाने हा धोका आधीच ओळखला होता. तिथल्या विशेष पोलीस स्थापनेवर, म्हणजे भ्रष्टाचाराचा तपास करणाऱ्या पोलीस दलावर, देखरेख लोकायुक्तांची, आणि ती कायद्याने दिलेली. आपल्या दोन शेजाऱ्यांकडे लोकायुक्तांचे स्वतःचे पोलीस आहेत. देशात पहिला लोकायुक्त नेमणाऱ्या महाराष्ट्राला ते देता येऊ नयेत, असे कोणतेही कारण मला सापडत नाही.

आक्षेप मला माहीत आहेत, आणि त्यांतला एक मी मनापासून मानतो. अटकेचा अधिकार हातात आला की तो वापरायचा मोह होतो. निवडणुकीच्या तोंडावर विरोधी नगरसेवकाच्या घरी पथक धाडायचे, बातमी द्यायची, मग तपास वाऱ्यावर. ज्याच्यावर डाग लागला तो निर्दोष ठरेपर्यंत त्याचे राजकारण संपलेले असते. स्त्री सरपंचांच्या आणि राखीव जागांवर निवडून आलेल्यांच्या बाबतीत तर तक्रार हे त्यांना खाली ओढण्याचे जुने हत्यार आहे. पदावरून दूर करण्याच्या, ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 39 चा वापर त्यासाठी कसा होतो ते ग्रामीण भागातल्या आमदारांना मी सांगायची गरज नाही. प्रामाणिक अभियंते सही करायला घाबरतील हेही खरे.

म्हणून अधिकार द्या, पण त्यांना बांधून द्या. झडतीसाठी न्यायदंडाधिकाऱ्यांचे वॉरंट असावे. पुरावा नष्ट होण्याचा तातडीचा धोका असेल तरच त्याविना, आणि मग त्याची लेखी कारणे चोवीस तासांत न्यायालयापुढे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 ने झडती-जप्तीचे चित्रीकरण आता बंधनकारक केलेच आहे, त्याची प्रत ज्याच्याकडे झडती झाली त्यालाही मिळावी. अटक ही शेवटची पायरी असावी आणि तिला किमान एका उपलोकायुक्तांची लेखी मान्यता लागावी. मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्याला शिक्षा असावी, पण चुकीच्या समजुतीने तक्रार करणाऱ्या गावकऱ्याला नव्हे. तपास करणारी शाखा आणि सुनावणी घेणारे लोकायुक्त यांच्यात भिंत असावी, नाही तर जो पकडतो तोच तोलतो अशी गत होईल.

आणि कर्नाटकातला 2015 चा प्रकार इथे होऊ नये म्हणून या शाखेवरही बाहेरची नजर हवी. हाँगकाँगमध्ये 1973 साली पोलीस दलाचा वरिष्ठ अधिकारी पीटर गॉडबर, चौकशी चालू असताना तिथून बाहेर निसटला. चौकशी त्याच्याच दलाकडे होती. लोक रस्त्यावर उतरले, आणि फेब्रुवारी 1974 मध्ये पोलिसांपासून वेगळा, अटकेचे अधिकार असलेला आयोग स्थापन झाला. गॉडबरला 1975 मध्ये परत आणून तुरुंगात टाकले. त्या आयोगाचे तपास नागरिकांची बहुसंख्या असलेली एक समिती नियमित तपासते. एखादे प्रकरण गुपचूप मिटवून टाकणे त्यामुळे अवघड होते. आपल्याकडे निवृत्त न्यायाधीश, निवृत्त लेखापरीक्षक, सनदी लेखापाल आणि स्थानिक कारभारात काम केलेले नागरिक यांची अशी समिती सहज उभी राहू शकते. तिने वर्षातून दोनदा तुमच्यापुढे अहवाल ठेवावा, बंद केलेल्या प्रकरणांच्या कारणांसह.

माणसांबद्दल एक आग्रह. ही शाखा फक्त पोलिसांची करू नका. मोजमाप पुस्तिका वाचता येणारा अभियंता, जमाखर्चातली लबाडी ओळखणारा लेखापरीक्षक, संगणकातून पुसलेले परत काढणारा तंत्रज्ञ आणि गुन्हा नोंदवून आरोपपत्र उभे करणारा पोलीस, हे एकाच पथकात, एकाच गाडीतून गेले पाहिजेत. त्यांची नेमणूक ठरावीक मुदतीची असावी आणि मुदतीआधी बदली लोकायुक्तांच्या लेखी संमतीशिवाय होऊ नये. खर्च राज्याच्या संचित निधीवर भारित असावा, म्हणजे कुठल्याही खात्याला त्यांचा पैसा रोखता येणार नाही.

कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर या सहा महसुली विभागांत सुरुवातीला एकेक पथक पुरेल. 29 महापालिका, 34 जिल्हा परिषदा आणि सुमारे 28 हजार ग्रामपंचायती यांच्या मानाने हे फार थोडे आहे. पण पथक कधीही, न कळवता येऊ शकते हे ठाऊक झाले तरी कपाटांतले कागद जागेवर राहू लागतील. लोकायुक्त कायदा आणि त्याखालचे नियम पुढच्या वेळी तुमच्यापुढे येतील तेव्हा या शाखेची तरतूद दुरुस्ती म्हणून मांडा. तिच्यावर मतविभाजन मागा, म्हणजे कोणत्या सदस्याने काय मत दिले ते त्याच्या मतदारसंघातल्या प्रत्येक ग्रामसभेला कळेल.

आपला,
स्थानिक निधी लेखापरीक्षेतून निवृत्त झालेला एक लेखापरीक्षक